गाडी ऐकतीय

अण्णांच्या गॅरेजात गाडीची तक्रार गाडीसमोर करायला बंदी होती. गिऱ्हाईक आत शिरून "अण्णा, ब्रेक लागत न्हाय" एवढं म्हणायच्या आत अण्णा ओठांवर बोट ठेवायचे, त्याला दंडाला धरून रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यावर न्यायचे, आणि तिथं गॅरेजकडं पाठ करून उभं करायचे. मग काय दुखणं असेल ते हलक्या आवाजात सांगायचं. आता हलक्या आवाजात बोलायची सवय कोल्हापुरात फारशी कुणाला नाही, त्यामुळे भल्याभल्यांची पंचाईत व्हायची. एकदा एका ऊसवाल्या पावण्यानं चहाच्या गाड्यावरूनच "क्लच पार मेलाय ओ!" असं ठणकावलं. अण्णांनी तीन दिवस त्याच्या जीपला हात लावला नाही.

"तिनं ऐकलंय," ते म्हणाले. "आदी तिचा रुसवा निघू द्या."

मी अण्णांची भाडेकरू. उद्यमनगरात खाली त्यांचं गॅरेज, मागच्या खोलीत ते एकटे, आणि वर दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको. मी मूळची ठाण्याची. लग्नानंतर कोल्हापुरात आले आणि एका हायस्कुलात इंग्रजी शिकवू लागले. घर बघायला गेलो तेव्हा मी दारातूनच विचारलं होतं, "वरच्या खोल्या रिकाम्या आहेत ना?"

"न्हाईत," अण्णा म्हणाले.

आम्ही परत फिरलो. पायऱ्या उतरून रस्त्याला लागलो तेव्हा मागून हाक आली. "कुटं निघालासा? खोल्या वाट बगाय लागल्यात की!"

रिकामं हा शब्द त्यांना चालत नसे हे मला पुढं कळलं. संपलं चालत नसे, मेलं तर अजिबात नाही. दूध वाढायचं, शटर वाढायचं, टायर हलका व्हायचा, इंजिन दमायचं. अण्णा लिंगायत, कबनूरकडचे. वडिलांचं धान्याचं दुकान होतं. मुलानं तराजूमागं बसावं अशी वडिलांची इच्छा होती आणि मुलगा इंजिनाखाली जाऊन झोपला. पण दुकानातली जीभ काही सुटली नाही. घरी कन्नड, बाहेर मराठी, आणि दोन्हींत वाईट शब्दाला थारा नाही. गिऱ्हाइकाला शिव्या द्यायची वेळ आली तर त्या ते गॅरेजच्या मागच्या दाराबाहेर जाऊन द्यायचे. गाड्यांना कन्नडही कळतं, असं त्यांचं मत होतं.

आणखी एक होतं. सकाळी शटर वर ढकलताना ते "लाभ" म्हणायचे. कामाचा पहिला नट सैल झाला की "लाभ." पुढचे नट ते तोंडात धरायचे, त्यामुळे पुढं काय म्हणायचे ते नुसतं हुं हुं असं ऐकू यायचं. आपण कामाच्या आधी देवाचं नाव घेतो तसलाच हा प्रकार असणार, असं मी ठरवून टाकलं. मी मास्तरीण आहे. एकदा ठरवलं की मी कुणाला विचारायला जात नाही.

तर साधारण दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. आमच्या ह्यांनी गोव्याहून एक जुनी जपानी जीप आणली. पेट्रोलवर चालणारी, उंच, चौकोनी. तसल्या गाड्यांना तेव्हा शिकलेली माणसं एसयूव्ही म्हणायला लागली होती. मी तिला धूड म्हणायची, अर्थात वरच्या मजल्यावर आणि दार लावून. गाडी चांगली पळायची, पण इंजिन तापलं की डॅशबोर्डावर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागायचा. लागला की जायचा नाही. ह्यांनी रीतसर चहाच्या गाड्यावर नेऊन, पाठ करून, अण्णांच्या कानात ते सांगितलं.

अण्णांनी प्लग बदलले, फिल्टर बदलला, वायरी पुसल्या. दिवा जायचा. गाडी कावळा नाक्यापर्यंत गेली की परत हजर.

मग जुन्या मालकानं दिलेल्या कागदांत एक इंग्रजी झेरॉक्स सापडली. ती मीच वाचून दाखवली. बॉनेटखाली एक डबी आहे, तिच्यातली दोन ठरावीक भोकं तारेनं जोडायची, चावी फिरवायची, पण इंजिन चालू करायचं नाही. मग तोच पिवळा दिवा उघडझाप करतो. आधी दशकाच्या उघडझापा, थोडं थांबून एककाच्या, मग पुन्हा पहिल्यापासून तेच. जो आकडा होईल तो खालच्या यादीत बघायचा. समोर बिघाडाचं नाव.

अण्णांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. त्यांचे डोळे चमकायला लागले.

"म्हंजे गाडी बोलतीया?"

"तसंच म्हणायचं."

"बगा! ऐकतीय म्हणून मी इतकी वर्सं वरडतोय. आता बोलाय बी लागली. आणि ही माणसं मला येडा म्हंत्यात!"

गाडीला विचारायचा थाट काय वर्णावा! गाडी धुतली. अण्णांनी स्वच्छ शर्ट घातला. भोकं जोडायला तार सापडेना, तेव्हा मी अंबाड्यातला आकडा काढून दिला. उन्हात दिवा दिसेना म्हणून अण्णा ड्रायव्हरच्या सीटवर बसून डोक्यावरून पोतं पांघरून घेऊन डॅशबोर्डावर ओणवे झाले. बॉनेटजवळ मी, हातात वही आणि लाल पेन. लाल अशासाठी की पर्समध्ये तेवढंच होतं. अण्णांनी पोत्यातून ओरडायचं आणि मी लिहायचं, असं ठरलं.

"लाभ, दोन," पोत्यातून आवाज आला. मग जरा थांबून, "लाभ." मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, "लाभ, दोन." आणि "लाभ."

मी लिहिलं, दोन आणि दोन. बावीस. मधूनमधून म्हातारा देवाचं नाव घेतोय, त्याचं काय एवढं लिहायचं? बावीससमोर यादीत होतं, पाण्याच्या उष्णतेचा सेन्सर. मी त्या ओळीखाली लाल रेघ मारली.

अण्णा पोत्याबाहेर आले. घामानं निथळत होते. आकडा किती झाला हे त्यांनी विचारलंही नाही. आकडा लिहिणं शिकलेल्या माणसाचं काम, अशी त्यांची श्रद्धा. आम्ही रस्ता ओलांडला, गॅरेजकडं पाठ केली आणि मी शुद्ध इंग्रजी उच्चारात सेन्सरचं नाव सांगितलं. चहावाले चाचासुद्धा भारावून गेले.

पटत होतंही सगळं. गाडी तापली की दिवा लागतो, म्हणजे दुखणं तापाचंच असणार. अण्णांनी मुंबईहून सेन्सर मागवला. लावला. दिवा कावळा नाक्यावर हजर. रेडिएटर उतरवून चिंचेच्या पाण्यानं धुतला. दिवा हजर. थर्मोस्टॅट बदलला, सेन्सरची वायर आख्खी नवी टाकली, पंख्याचा पट्टा बदलला. रोज संध्याकाळी ते रेडिएटरवर हात ठेवून ताप बघायचे. दर आठवड्याला पोतं, दर आठवड्याला माझा आकडा, आणि दर आठवड्याला मी वही न उघडता वरूनच सांगायची, "तेच आहे, अण्णा. लाल रेघेवरचंच."

"तुमी म्हंतासा म्हंजे असंल," ते म्हणायचे, आणि पुन्हा रेडिएटर उतरवायचे.

वर्गात डिक्टेशनच्या एका चुकीला मी अर्धा गुण कापते. हे मुद्दाम इथं सांगून ठेवते.

नवरात्राच्या तोंडावर ह्यांचा धीर सुटला. चहाच्या गाड्यावर चार माणसं उभी असताना हे म्हणाले, "अण्णा, हायवेला उचगावच्या पुढं नवीन सर्व्हिस सेंटर झालंय. कॉम्प्युटर लावतात, पाच मिनिटांत सांगतात काय ते."

"व्हय, माझ्या मेव्हण्याची गाडी तितंच असती," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "अण्णा, तुमचं वय झालं आता. पोरगं बंगळूरला बोलवतंय तर जावा की. हितं मोबाइलचं दुकान काढायला कोणबी जागा घील."

ते त्यांच्या मुलाचंच म्हणणं होतं. दर महिन्याला फोनवर तो तेच सांगायचा आणि दर महिन्याला अण्णा फोन ठेवून गॅरेजात जाऊन उगाच एखादा पान्हा पुसत बसायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी हातातला चहाचा ग्लास तसाच खाली ठेवला.

"खंडेनवमीला पान्हे पाटावर मांडतो," ते म्हणाले. "तवर दिवा शांत झाला तर दसऱ्याला परत उचलीन. न्हाईतर न्हाई उचलत. शटर वाढवलं म्हणून समजा."

आमच्या ह्यांना आपण काय करून बसलो ते कळलं, पण अण्णांनी चारचौघांत शब्द दिला होता आणि तो मागं घ्यायचा रिवाज त्यांच्याकडं नव्हता. त्या दिवसापासून त्यांनी चहाही सोडला. गिऱ्हाइकांना घेऊन गाड्यावर जायचे, त्यांना पाजायचे, स्वतः नुसते उभे राहायचे.

अष्टमीला मी शाळेतल्या एका बाईंबरोबर एसटीनं आजऱ्याला गेले. तिथं त्यांचं माहेर, आणि मला तिकडचा वासाचा तांदूळ हवा होता. बाजारात एक ठसठशीत मावशी पोतं उघडून बसली होती. तिच्याकडं किलोबिलो काही नाही, लाकडी माप. मी पिशवी धरली. "लाभ," म्हणून तिनं पहिलं माप ओतलं. मग "दोन," मग "तीन," मग "चार." वर मूठभर टाकला आणि म्हणाली, "घ्या, चार मापं झाली."

"चार कुठं?" मी म्हटलं. "दोन, तीन, चार. तीनच झाली की! पहिलं तर तुम्ही देवाच्या नावानं टाकलंत."

मावशीनं कमरेवर हात ठेवले. "आगं बाई, द्येवाच्या नावानं तुला तांदूळ कशाला घालू? तू काय द्येवी हाईस व्हय?"

"मग लाभ म्हणजे काय?"

"लाभ म्हंजे यक! पैल्या मापाला यक म्हणून कोण मोजतंय? यक म्हटलं की त्ये यकच ऱ्हातंय, वाडत न्हाय. म्हणून लाभ म्हणायचं. कुटली ग तू?"

"ठाण्याची."

"तरीच," मावशी म्हणाली, आणि आजूबाजूच्या सगळ्या बाजारानं माझ्याकडं वळून पाहिलं.

मला त्या माणसांची लाज वाटायला वेळच मिळाला नाही. माझ्या कानात पोतं बोलत होतं. लाभ, दोन. लाभ. लाभ, दोन. लाभ. म्हणजे दोन आणि एक. एकवीस! बावीसच्या लाल रेघेच्या बरोबर वरची ओळ मला डोळ्यांपुढं दिसली, सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजनचा सेन्सर. तो तरी कधी काम करतो? इंजिन तापल्यावर, झेरॉक्सवर तसंच लिहिलं होतं. सगळं जुळत होतं, आणि जुळत होतं तसतशी मी त्या तांदळाच्या पिशवीवर खाली खाली बसत गेले. एका माणसाचं आख्खं गॅरेज मी माझ्या आगाऊपणानं पाटावर नेऊन बसवलं होतं.

संध्याकाळी परत आले तर अण्णा कबनूरला गेलेले. सकाळी खाली उतरले तोवर पूजा झाली होती. पाटावर पोतं अंथरून सगळे पान्हे ओळीनं, वर हळद-कुंकू, झेंडूची फुलं. अण्णांच्या कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे. ते पाटासमोर मांडी घालून बसले होते आणि पान्ह्यांकडं असं बघत होते की मला पुढं जाववेना.

"अण्णा, चहा घ्यायचा का?" मी म्हटलं.

त्यांनी चमकून वर बघितलं. पाच वर्षांत मी त्यांना कधी गाड्यावर बोलावलं नव्हतं. ते मुकाट्यानं उठले. आम्ही रस्ता ओलांडला. मी गॅरेजकडं पाठ केली, आणि सवयीनं चाचांनीही केली. मग मी सगळं सांगितलं. देवाचं नाव, दोन आणि दोन, आजऱ्याची मावशी, सगळं.

अण्णा बराच वेळ बोटांवर मोजत राहिले. "लाभ, दोन. लाभ." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आणि मदला लाभ तुमी टाकूनच दिलासा?"

"मला वाटलं तुम्ही प्रार्थना करताय."

त्यांना हसू फुटलं ते थांबेचना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, चाचांनी पाठीवर थापट्या मारल्या. मला मात्र रडू कोसळलं. "अण्णा, तुमची काही चूक नव्हती हो!" मी जवळजवळ ओरडलेच. "चूक सगळी माझी—"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, बाई. गाडी ऐकतीय."

मग त्यांच्या लक्षात खरी अडचण आली. दिवा आजच्या आज शांत व्हायला हवा होता. आणि पूजा झालेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हा बापजाद्यांचा नेम. पान्ह्याशिवाय गाडी दुरुस्त करायची कशी?

"माझी सांडशी चालेल?" मी विचारलं.

अण्णांनी गंभीरपणे विचार केला. "तिची पूजा झालीया?"

"आम्ही दसऱ्याला पुस्तकांची करतो."

"सांडशीची न्हाय?"

"नाही."

"मग चालंल की!"

मी वर धावले. सांडशी, कात्री, उलथनं आणि भुवयांचा चिमटा घेऊन आले. अण्णा गाडीखाली सरकले आणि दोन मिनिटांत आतून एक लांब "अय्यय्यो" ऐकू आलं. सेन्सरची वायर खाचेतून निसटून सायलेन्सरच्या पाइपाला टेकली होती, आणि तिथं जळून तांबं उघडं पडलं होतं. बास, एवढंच. गेले कित्येक दिवस आम्ही पुढं रेडिएटरला आंघोळी घालत होतो आणि ती बिचारी मागं होरपळत होती. मी उलथन्यानं वायर पाइपापासून वर उचलून धरली. अण्णांनी कात्रीनं जळका तुकडा काढला, टोकं सांडशीत धरून पिळली आणि टेप गुंडाळला. टेप हे हत्यार की सामान, यावर ते क्षणभर अडखळले. सामान, असा निकाल त्यांनीच दिला. मग दिव्याची जुनी आठवण पुसायला चिमट्यानं फ्यूज उपसला आणि आम्ही दोघांनी मोठ्यानं साठपर्यंत मोजलं. लाभपासून.

गाडी काढली. कावळा नाका आला, गेला. दिवा नाही. अण्णा थांबेचनात. उचगाव मागं पडलं, पुढं त्या नव्या सर्व्हिस सेंटरचं काचेचं दार आलं. अण्णांनी त्याच्या बरोबर समोर गाडी वळवली, एकच हॉर्न दिला आणि परत निघाले. तेवढा एक दुष्टपणा मी त्यांना आयुष्यात करताना पाहिला. मी मागच्या सीटवरून टाळ्या वाजवल्या.

परतलो तेव्हा गाड्यावर तीच माणसं जमली होती, आणि आमचे हे. शांत डॅशबोर्ड सगळ्यांनी वाकून वाकून बघितला.

"काय होतं हो शेवटी?" ह्यांनी विचारलं.

अण्णांनी त्यांना पाठ करून उभं केलं. "मोजण्यात माजी चूक झालती, साहेब. वय झालं."

मी तोंड उघडलं. अण्णांनी माझ्याकडं न बघताच ओठांवर बोट ठेवलं आणि चाचांना म्हणाले, "घाला की चा. साखर जास्त."

पुढं कितीतरी वर्षं आमचे हे त्यांची थट्टा करायचे. "अण्णा, नीट मोजताय ना?" म्हणायचे, आणि अण्णा हसायचे. मी शेजारी उभी असायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हा शब्दही त्यांना चालला नसता. दोनदा-तीनदा मी ह्यांना खरं सांगायला निघाले, तर अण्णांनी दोन्ही वेळा, तिन्ही वेळा, गाडीकडं बोट दाखवलं. कार्बोरेटरबद्दलही कुणाला वाईट बोलू न देणारा माणूस, माझ्याबद्दल कसं बोलू देईल? ह्यांना आता हे वाचूनच कळेल.

दसऱ्याला सकाळी खालून हाक आली. "बाई, या की जरा!"

गाडीला झेंडूचा हार होता. अण्णा पाटासमोर उभे होते. "यंदा मोजणी तुमची," ते म्हणाले. "तुमी आकडा म्हणायचा, मी पान्हा उचलायचा."

"लाभ," मी म्हटलं, आणि त्यांनी पहिला पान्हा उचलून कपाळाला लावला आणि खिळ्याला अडकवला. "दोन." "तीन." त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून माझा आवाज चढत गेला. खिळे भरत चालले. "वीस." "एकवीस." पाटावर एकच छोटा पान्हा उरला.

"बावी—"

"अंहं!" अण्णांनी घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच गाडीकडं मान वळवून बघितलं. "त्यो आकडा नको, बाई. तिला अजून राग हाय."